तुरुंगाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत

अभ्यासासाठी वाचने : फिलेमोनला पत्र १-२५, मत्तय २५:३१-४६, लूक १०:२५-३७



ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा प्रिझन मिनिस्ट्री संडे म्हणून पाळते. १४ ऑगस्टला संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण येतो. आउश्वित्झच्या छळछावणीत १९४१ साली त्यांनी एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी स्वतःचे मरण पत्करले. म्हणून हा रविवार त्या सणाच्या जवळ ठेवलेला आहे. या दिवशी आपण बंदिजनांसाठी प्रार्थना करतो, दानपेटीत काही टाकतो. काही जण नाताळात कारागृहात केक आणि साबण घेऊन जातात. हे चांगलेच आहे. पण आज एक पुढचा प्रश्न अभ्यासाला घेऊ या. कैदी तुरुंगातून सुटतो त्या संध्याकाळी तो झोपतो कुठे?

दोन कृपाकार्ये, माणूस एकच

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण दयेची शारीरिक कार्ये पाठ केली. भुकेल्याला अन्न द्यावे, तहानेल्याला पाणी द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, बेघराला आसरा द्यावा, आजाऱ्याला भेटावे, बंदिवानाला भेटावे, मृताला मूठमाती द्यावी. आपण ही कार्ये बोटांवर मोजतो, त्यामुळे प्रत्येक कार्यासाठी वेगळा माणूस असतो असे आपल्याला वाटू लागते. बंदिवान एक आणि बेघर दुसरा. प्रत्यक्षात पुष्कळदा तो माणूस एकच असतो. सोमवारी तो पुलाखाली असतो, गुरुवारी कोठडीत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पुलाखाली. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांची नावे एका दमात घेतो, आणि हे सगळे मीच होतो, असे सांगतो. तेथे सहा वेगवेगळे लोक नाहीत, एकच जण आहे.

हा फेरा कसा चालतो?

घर नसलेल्या माणसाची अटक बहुधा मोठ्या गुन्ह्यासाठी होत नाही. तो दुसऱ्याच्या जागेत झोपतो, उघड्यावर लघवी करतो, रस्त्यावर दारू पितो, बागेत रात्री सापडतो. आपण याच गोष्टी घराच्या चार भिंतींत केल्या तर त्या गुन्हा ठरत नाहीत. त्याला भिंतीच नाहीत, म्हणून त्याचे सगळे जगणे उघड्यावर येते आणि कायद्यात सापडते. त्याला दंड होतो, तो भरायला पैसे नसतात. कोर्टाची तारीख पडते, पण समन्स पाठवायला पत्ता नसतो. तारीख चुकली की वॉरंट निघते आणि वॉरंट निघाले की अटक होते. तो आत असताना त्याचे गाठोडे, ओळखीची कागदपत्रे आणि चालू असलेली औषधे हरवतात. हमालीचे किंवा धुण्याभांड्याचे एखादे काम मिळाले असेल तर तेही जाते. बाहेर येतो तेव्हा त्याच्याकडे पहिल्यापेक्षा कमी असते, आणि जायला तीच जागा असते जिथून त्याला उचलले होते.

मनाचा आजार किंवा दारूचे व्यसन असेल तर हा फेरा आणखी घट्ट होतो. पोलीस त्याला ओळखू लागतात, जेलचे शिपाई नावाने हाक मारतात. सगळे यंत्रणेचे लोक त्याला ओळखतात, पण त्याचा शेजारी असा कोणी नसतो.

डेन्व्हर शहराने काय केले?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर नावाचे मोठे शहर आहे. त्या शहराने हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की सुमारे २५० बेघर माणसे मिळून वर्षाला जवळपास १४,००० दिवस तुरुंगात काढत होती. पोलीस, कोर्ट, तुरुंग, दारू उतरवण्याची केंद्रे आणि इस्पितळाचे तातडीचे विभाग या सर्वांवर मिळून शहराचे दरवर्षी सुमारे ७३ लाख डॉलर खर्च होत होते. इतका पैसा खर्चून त्या माणसांच्या जीवनात काहीच बदलत नव्हते.

म्हणून २०१६ साली शहराने नवी योजना सुरू केली. पोलिसांच्या नोंदींवरून अशी माणसे निवडली, की ज्यांना तीन वर्षांत किमान आठ वेळा अटक झाली होती आणि त्यांपैकी किमान तीन वेळा ज्यांना पत्ता नव्हता. म्हणजे सर्वांत अवघड माणसे आधी घेतली. घरे थोडी आणि माणसे जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड केली. एकूण ७२४ जणांपैकी ३६३ जणांना घर देण्यासाठी बोलावले आणि ३६१ जणांना नेहमीच्या सेवा मिळत राहिल्या. त्यामुळे दोन्ही गटांची तुलना प्रामाणिकपणे करता आली. सुरुवातीचे सुमारे ८६ लाख डॉलर खासगी गुंतवणूकदारांनी घातले. लोक घरात टिकले आणि तुरुंगाचे दिवस कमी झाले, तरच शहराने त्यांना पैसे परत द्यायचे, असा करार होता.

या घराला तिकडे दिलेले नाव आपण मराठीत 'आधारासहित घर' असे म्हणू या. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. पहिली गोष्ट म्हणजे खरेखुरे घर. भाडेकरार त्या माणसाच्या नावाने होतो, कुलपाची किल्ली त्याच्या खिशात असते, आणि उत्पन्न असेल तर त्याचा साधारण तिसरा हिस्सा तो भाडे म्हणून देतो. दुसरी गोष्ट म्हणजे आधार देणारी माणसे. समाजसेवक, मानसोपचार जाणणारे लोक, आणि स्वतः कधीकाळी रस्त्यावर राहिलेले कार्यकर्ते त्याच्या घरी जात राहतात. औषधे, कोर्टाची तारीख, कागदपत्रे, एकटेपणा, शेजाऱ्यांशी झालेले भांडण, सगळ्यात ते सोबत असतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना खटकते. आधी दारू सोड, आधी सुधार, मग घर देऊ, अशी अट तेथे नव्हती. घर आधी, बाकीचे नंतर. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये याच विचाराने काम सुरू केले होते. त्यामागचे कारण साधे आहे. ज्याला रात्री बूट चोरीला जाण्याची भीती वाटते, त्याने गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि दारू सोडावी, ही अपेक्षा धरणे कठीण आहे. दार आतून बंद करून झोपता आले, म्हणजे पुढचा विचार करायला डोके मोकळे होते.

निकाल काय लागला?

२०२१ साली अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना घर मिळाले त्यांच्यापैकी ८६ टक्के लोक एक वर्षानंतर घरात टिकून होते आणि तीन वर्षांनंतरही ७७ टक्के टिकून होते. हे तेच लोक होते, ज्यांच्याविषयी 'यांना घरात राहणे जमणारच नाही' असे सगळे म्हणत असत. दुसऱ्या गटाशी तुलना करता त्यांचा पोलिसांशी येणारा संबंध ३४ टक्क्यांनी, अटका ४० टक्क्यांनी, तुरुंगाच्या फेऱ्या ३० टक्क्यांनी आणि तुरुंगातील दिवस २७ टक्क्यांनी कमी झाले. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जाणे कमी झाले आणि नेहमीच्या दवाखान्यात मनाच्या आजारासाठी जाणे वाढले.

पण ही चमत्काराची गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. घर मिळालेल्यांपैकी दर चारांतला जवळपास एक जण तीन वर्षांत टिकू शकला नाही. काहींना पुन्हा अटक झाली. सगळ्यांची दारू सुटली असा दावा कोणी केलेला नाही. आणि या कामाला लागलेल्या खर्चापैकी सुमारे निम्माच खर्च इतर ठिकाणी वाचला. उरलेला निम्मा समाजाने सोसला. म्हणजे हे काम फायद्याचे आहे म्हणून करायचे नाही, तर योग्य आहे म्हणून करायचे, आणि त्यातला निम्मा भार हिशेबानेच हलका होतो, एवढे म्हणता येईल. शोमरोनी माणसानेही खानावळवाल्याला पैसे दिले होते. ते त्याला परत मिळाले, असे शुभवर्तमान सांगत नाही.

त्या दाखल्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहा. शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला आणि मग जखमीला रस्त्यावर सोडून तो पुढे गेला नाही. त्याला जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर शुश्रूषा केली, दोन दिनार दिले, सांभाळणारा माणूस नेमला, आणि परत येईन म्हणून शब्द दिला. छप्पर, पैसा, सांभाळणारा माणूस आणि परत येण्याचा शब्द. डेन्व्हरच्या योजनेत याहून वेगळे काही नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या देशाची परिस्थिती वेगळी आहे, पण फेरा ओळखीचा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्यांतील कितीतरी जण जामीन मंजूर होऊनही आत राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदार कोण होणार? ज्याच्याकडे घर आहे, कागद आहेत, पगार आहे. ज्याचे सगळे ओळखीचे लोक फुटपाथवर राहतात, त्याला असा माणूस कुठून मिळणार?

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातील एका गवंड्याचा खटला आला होता. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या न्यायपीठाने त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या हमीवर सोडायला सांगितले. गरिबाची गरिबी हीच त्याची कोठडी होऊ नये, हे त्या निकालाचे सार आहे.

भीक मागणाऱ्यांसाठीचा आपल्या जुन्या मुंबई राज्याचा १९५९ चा कायदाही आठवावा. पहिल्यांदा पकडल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा पकडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद त्यात केली गेली. पुढे हा कायदा दिल्लीसह इतर ठिकाणीही लागू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले होते. शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पण रात्रनिवाऱ्यातली सतरंजी म्हणजे घर नव्हे. सकाळी ती गुंडाळून ठेवावी लागते.

तुरुंगातून लिहिलेले पत्र

आता फिलेमोनला लिहिलेले पत्र उघडा. नव्या करारातील हे एक अगदी लहान पत्र आहे, एकच अध्याय आणि पंचवीस ओव्या. दहा मिनिटांत वाचून होते. संत पौल स्वतः बंदिवासात आहे. तेथे त्याला अनेसिम हा पळून आलेला गुलाम भेटतो आणि ख्रिस्ती होतो. पौल त्याला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनकडे, परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. फिलेमोन घरदार असलेला माणूस आहे. त्याच्या घरी श्रद्धावंत प्रार्थनेसाठी जमतात. आजच्या भाषेत, धर्मग्रामातले एक प्रतिष्ठित कुटुंब.

पौल त्याच्याकडे तीन गोष्टी मागतो.

पहिली (ओवी १६ व १७) : अनेसिमला गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, जणू मीच आलो आहे. नोंदवहीतला गुन्हा हे माणसाचे नाव होऊ नये.

दुसरी (ओवी १८ व १९) : त्याने तुझे काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. पौल हे स्वतःच्या हाताने लिहून देतो. हाच जामीन झाला. आणि पौल जामीनदार होतो म्हणजे नुकसान झालेच नाही, असे म्हणत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याचा विचार तो करतो. आपणही गुन्ह्याचा त्रास सोसलेल्या कुटुंबांना विसरून बंदिजनांची सेवा करू शकत नाही.

तिसरी (ओवी २२) : माझ्यासाठीही उतरायला जागा तयार ठेव, कारण तुमच्या प्रार्थनांमुळे मी सुटेन अशी मला आशा आहे. ही ओवी आपण वाचून पुढे जातो. पण पाहा, तुरुंगात बसलेला प्रेषित सुटकेसाठी प्रार्थना मागतो आणि त्याच वाक्यात खोलीही मागतो. नुसती प्रार्थना त्याला पुरेशी वाटत नाही. फिलेमोनने प्रार्थना केली आणि खोली झाडून ठेवली नाही, तर त्याची प्रार्थना अर्धवट राहिली असती.

आपल्या मनातील शंका

'घरात बायकामुले आहेत, अशा माणसाला कसे ठेवायचे?' ही भीती खोटी नाही, आणि या लेखाचा तसा आग्रहही नाही. डेन्व्हरमध्येही कोणाच्या कुटुंबात कोणाला घुसवले नाही. स्वतंत्र खोली दिली आणि सोबत जाणती माणसे दिली. सोबतीशिवाय नुसती किल्ली देणे हे धाडस आहे. खोलीशिवाय नुसता उपदेश करणे हे मात्र निष्फळ आहे.

'कष्ट करणाऱ्यांना घर मिळत नाही, मग यांना का?' हा प्रश्न आपल्या तरुण जोडप्यांच्या तोंडी येतो, आणि घरांच्या किमती पाहता तो रास्त आहे. पण द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात शेवटच्याला दिनार मिळाला म्हणून पहिल्याचा दिनार कमी झाला नव्हता. आणि रस्त्यावरच्या माणसाला तुरुंगात ठेवण्याचा खर्च आपणच देत असतो. फक्त तो आपल्याला दिसत नाही.

'आपल्यात असे कोणी नाही.' असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्या घरातला मुलगा आत आहे, ते घर ही गोष्ट सांगत नाही. ती माऊली कदाचित आज आपल्याच बाकावर बसून मिस्सा ऐकत असेल, आणि तो सुटून आल्यावर चाळीत त्याला कोणी राहू देईल का, या काळजीत असेल.

आपण काय करू शकतो?

१. आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत फिलेमोनला लिहिलेले पत्र पूर्ण वाचावे.

२. गरीब बंद्याला मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पैशाअभावी जामीन अडलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली योजना काढली. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची सोय होती. वकिली करणाऱ्या आपल्या बांधवांनी या गोष्टींची माहिती धर्मग्रामात सांगावी.

३. सुटून आलेल्याला आधी कागद लागतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे खाते. निवृत्त शिक्षक आणि बँकेतील मंडळी यांनी आठवड्याचा एक तास दिला तरी हे काम होते.

४. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी धान्य देते, औषध देते. एका खोलीचे डिपॉझिट आणि सहा महिन्यांचे भाडे हेही तिचे काम होऊ शकते का, याचा विचार फादरांबरोबर बसून व्हावा.

५. ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्यांनी स्वतःला विचारावे. संस्थेची माणसे सोबत असतील, पोलीस ठाण्यात भाडेकरूची रीतसर नोंद केलेली असेल, तर एक खोली देता येईल का?

६. जामीनदार होण्यापूर्वी नीट चौकशी करावी, वकिलाला विचारावे. माणूस तारखेला आला नाही तर जामीनदाराला पैसे भरावे लागतात. पौलानेही हा धोका ओळखूनच सही केली होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पोप झाल्यावरचा पहिला पवित्र गुरुवार रोममधील अल्पवयीन मुलांच्या कारागृहात साजरा केला आणि मुलांचे पाय धुतले. २६ डिसेंबर २०२४ रोजी ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार त्यांनी रेबिबिया कारागृहात उघडले. १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी, मृत्यूच्या चार दिवस आधी, आजारी असतानाही ते रोममधील रेजिना चेली कारागृहात बंदिजनांना भेटायला गेले. कारागृहाचे दार त्यांनी पवित्र मानले. त्या दारातून बाहेर पडणाऱ्यासाठी दुसरे एक दार उघडे असावे, हे काम आता आपल्यासारख्या धर्मग्रामांचे आहे.

मनन आणि चर्चेसाठी

- आपल्या परिसरात रात्री कोण उघड्यावर झोपते? त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव मला माहीत आहे का?
- फिलेमोनच्या जागी मी असतो, तर पौलाच्या तीन मागण्यांपैकी कोणती मला सर्वांत जड गेली असती? का?
- 'आधी सुधार, मग मदत' अशी अट प्रभूने माझ्याबाबतीत घातली असती, तर मी आज कुठे असतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुला जन्मताना उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि मरणाआधीची रात्र तू पहारेकऱ्यांच्या ताब्यात काढलीस. बेघर आणि बंदिवान, दोन्ही तू झालास. आमच्या मनातली भीती तू जाणतोस, तिला शहाणपणाची जोड दे. ज्यांना आज सुटका मिळेल त्यांना रात्री कुठेतरी दार उघडे मिळो, आणि ते दार उघडणारा हात आमच्यापैकी कोणाचा तरी असो. आमेन.